यादीतले ब्रश

माझी आत्या व्यापार खात्यात कारकून होती. कोणत्या परदेशी मालावर किती आयातशुल्क, हे तिला इतकं तोंडपाठ होतं की साहेब तिला ‘कोश’ म्हणत. तिला विचारलं की फाइल उघडायची गरज नसे.

आपले वडील काय करतात, हे मात्र तिने कचेरीत कधी सांगितलं नव्हतं. आजोबांचा रंगाच्या ब्रशांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांब खोली आणि अकरा बायका. डुकराचे राठ केस उकळायचे, विंचरायचे, जुड्या बांधून सरसाने लाकडी मुठीत बसवायचे. शाळेत मुली नाक दाबून तिला विचारत, “आज कोणाला आंघोळ घातलीस गं?” तेव्हापासून कुणी विचारलंच तर ती म्हणे, “वडिलांचा व्यवसाय आहे,” आणि विषय बदले.

त्या वर्षी एका बड्या देशाशी आयातशुल्काच्या वाटाघाटी चालल्या होत्या. आपण त्यांच्या मालावरचं शुल्क उतरवायचं, त्यांनी आपल्या. आणि ज्याला धक्का लागू द्यायचा नाही, ते दोघांनीही पदराखाली झाकायचं. नवव्या दिवशी दुपारी सगळं जुळलं, तरी पाहुणे उठेनात. मायदेशी दाखवायला त्यांना आणखी एक काहीतरी हवं होतं. साहेब अशा झाकलेल्या मालाची यादी घेऊन शेजारच्या खोलीत आले, जिथे आत्या आणि बाकीचे कारकून बसले होते.

“द्यायला बारीकसं काहीतरी शोधा. ज्याच्यासाठी कुणी रडणार नाही असं.” त्यांचं बोट यादीवरून घसरत एका ओळीवर थांबलं. “हे राठ केसांचे ब्रश. कोश, आपल्याकडे कोण बनवतं हे?”

टंकलेखक खिदळला. “डुकराच्या केसांचे? ईऽ! सर, बनवणाऱ्याच्या घरी जेवायला तेवढं जाऊ नका.”

सगळे हसले. आत्याही हसली.

“फारसं कुणी नाही, सर,” ती म्हणाली.

साहेबांनी त्या ओळीवर काट मारली.

निवृत्तीनंतर हे मला सांगताना ती म्हणाली, “घाबरून गप्प बसले असते, तर एक वेळ चाललं असतं. मी हसले गं.”

वर्षाच्या आत परदेशी ब्रश दुकानादुकानांत आले, निम्म्या किमतीत. आजोबांनी कारखाना बंद करायचं ठरवलं, त्या रविवारी आत्या घरी गेली.

“तू तिथेच असशील ना तेव्हा?” त्यांनी विचारलं. “आमच्याबद्दल कुणी अवाक्षर तरी काढलं का?”

“मी बोलले, बाबा. पण माझं कोण ऐकतंय.”

आजोबा हळूच म्हणाले, “आणि मी वेडा. मला आपलं वाटायचं, तुला आमच्या कामाची लाज वाटते.”

ते उठले आणि पत्र्याच्या खोलीच्या दारात जाऊन, आत आवराआवर करणाऱ्या बायकांना मोठ्याने म्हणाले, “ऐकलंत का गं? पोरगी आपल्यासाठी साहेबांशी भांडली!”

बायका बाहेर आल्या. त्यांतली सगळ्यांत जुनी, जिला आत्या लहानपणापासून काकू म्हणे, तिने आत्याचे दोन्ही हात धरले.

“आमच्यापायी नोकरी पणाला लावलीस, पोरी.”

आत्याने मान खाली घातली. संकोचाने घातली, असं सगळ्यांना वाटलं.

“त्यात काय एवढं, काकू,” ती म्हणाली.