दादाचे हात बोबडे बोलले

बाबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहायचे. घरात शिकलेलं कुणी नव्हतं आणि दादाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, म्हणून त्याच्याशी बोलायच्या खुणा आम्हीच बनवल्या. खांद्यावर थाप म्हणजे बाबा, नाकाला बोट म्हणजे आई, वेणीला पीळ म्हणजे मी.

मूकबधिरांच्या कबड्डीच्या फायनलला दादाचं डोकं समोरच्याच्या गुडघ्यावर आपटलं. तो उठला, हसला, अंगठा दाखवला. संघाचे सर त्याला परत खेळायला पाठवत होते. मला मात्र त्याची नजर भलतीकडेच दिसली. मी खुणेनं विचारलं, मी कोण? त्यानं नाकाला बोट लावलं.

"सर, दादा बोबडं बोलून राहिला!"

"मुका बोबडा कसा होईल वं?"

"हातानं! मले आई म्हणून राहिला तो."

बघणारे हसले. सर हसले नाहीत, त्यांनी दादाला बसवलं. संध्याकाळी तो ओकला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी एक मार लागला असता तर कठीण होतं.

फायनल हरली म्हणून दादा कितीतरी दिवस मला बघितलं की बोटांची कात्री करून माझी वेणी कापायचा.

पुढच्या वर्षी त्यानं कबड्डीची ढाल जिंकली. मी घराण्यातली पहिली बी.ए. झाले.