कळप बसवणारे अण्णा

सकाळी मुडबीहून फोन आला तेव्हा मी गॅसवर चहा ठेवला होता. चुलत पुतण्या बोलत होता. "काकू, अण्णा गेले... पहाटं. झोपेतच." मी "बरं" म्हणाले. खरंच, बरं म्हणाले! अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल, काही नेम नसतो. चहा उतू गेला, ओटाभर पसरला, आणि मी फडकं घेऊन तो पुसत बसले. मग यांना उठवलं. थोरला भाऊ गेला होता त्यांचा; भिंतीला टेकून बसले ते बसलेच. माझ्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं, आमच्या कावेरीला हे कसं सांगायचं? पोर एकोणीस वर्षांची, कडगंचीला विद्यापीठात शिकायला, होस्टेलवर. शेवटी फोन लावला आणि एवढंच म्हणाले, "अण्णांचं काही खरं नाही, सरळ मुडबीला ये." तिला कळलंच असणार. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. याला आता महिना होत आला. हात जरा थांबला म्हणून लिहायला बसलेय.

भीमाअण्णा म्हणजे माझे थोरले दीर. सगळं गाव अण्णा म्हणायचं, मीही. आमच्या सासरची मंडळी मूळची मेंढरंवाली. अण्णांचं निम्मं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. पुढं कळप विकला, मग दुसऱ्यांच्या शेतावर रोजानं जाऊ लागले. बायको लवकर गेली, लेकरू झालं नव्हतं. बोलणं कमी, चालणं फार. त्यांना बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. जेवायलासुद्धा उकिडवे, आता उठतो असे. आणि आमच्यात थोरल्या दिराचा मान म्हणजे काय विचारू नका! ते आले की डोक्यावर पदर, त्यांच्यासमोर खुर्चीवर नाहीच, पण पाटावरसुद्धा बसायचं नाही, बोलायचं ते दाराआडून. मी बीदरला कचेरीत नोकरी करते, साहेबाशी हुज्जत घालते. पण कावेरी आजारी पडली तोवर, लग्नाला नऊ वर्षं होऊनही, अण्णांशी चार वाक्यांपलीकडे बोलले नव्हते.

बारा वर्षं झाली त्या हिवाळ्याला. कावेरी सात वर्षांची. आधी घसा धरला, मग ताप, मग गुडघे सुजले. सांध्यांची सूज उतरली म्हणून आम्ही निश्चिंत झालो, तर डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाच्या झडपेवर सूज आलीय. औषधं चालू केली, इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी. "आणि पुढचे चार आठवडे ही पलंगावरून खाली उतरायची नाही. पळणं नाही, नाचणं नाही. या महिन्यात हृदयाला विश्रांती मिळाली तर झडप वाचेल, नाही तर जन्माचं दुखणं." मी मान हलवली. बाहेर आल्यावर वाटलं, हे जमायचं कसं? कारण ताप उतरलेल्या कावेरीला काहीच होत नव्हतं! तिला वाटायचं, मी ठणठणीत आहे. त्यात नाताळची सुट्टी लागली. गल्लीतली सगळी पोरं दिवसभर अंगणात, लपंडाव काय, लगोरी काय. टीव्ही लावला की गाण्यावर ही पलंगावर उभी राहून नाचायची, म्हणून टीव्ही बंद केला. गोष्टीची पुस्तकं दोन दिवसांत संपली. माझी रजा संपत आलेली, हे हैदराबादच्या बसवर कंडक्टर. चौथ्या दिवशी मी तिला पलंगावर दाबून धरलं आणि ती माझ्या हाताला चावली. मी लेकराला मारलं हो... त्या अवस्थेत मारलं. लाज वाटते लिहायला.

कुणी निरोप दिला ठाऊक नाही, पण दुसऱ्या दिवशी दारात अण्णा उभे. खांद्यावर घोंगडं, एका हातात चिंचोक्यांची पिशवी, काखेत कडब्याची पेंढी. मुडबीहून बसमधून कडबा आणला होता! मी दाराआडून म्हणाले, "अण्णा, इथं जनावर नाही बांधलेलं." "व्हय," म्हणाले, आणि पेंढी पलंगाखाली सरकवली. मला वाटलं, झालं, आता पोरीसोबत म्हाताऱ्याचंही करा.

तिसऱ्या दिवशी कचेरीतून परतले तर दारात नऊ जोड चपला. आत गेले, तर अख्खी गल्ली आमच्या खोलीत, आणि सगळी पोरं फरशीवर वाकळा टाकून आडवी! आणि मधोमध, उताणे, आमचे अण्णा. भरदिवसा, धाकट्या भावाच्या घरात, भावजय दारात उभी असताना थोरला दीर उताणा पडलाय, असं आमच्यात कुणी ऐकलंसुद्धा नसेल. ते उठलेही नाहीत. मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. मग पदर सावरून दाराशी आले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "अण्णा, तिला आराम सांगितलाय, आणि तुम्ही गाव गोळा केलंय!"

"लंगडी मेंढी एकटी बसत न्हाई गं माय," अण्णा पडल्या पडल्या म्हणाले. "दावं लावलं तर मान टाकती. बाकीची हिंडायली की तीबी उठती, तीन पायावर. अख्खा कळप बसवावा लागतो, मग बसती ती."

"आणि कळप कसा बसतो?"

"आधी राखणारा मेंढका बसतो."

मी पलंगाकडे पाहिलं. कावेरी पडून होती. कुणी न दाबता, न दटावता. सगळेच पडलेत म्हटल्यावर उठायचं कुठं?

अण्णांचा नियम एकच. पडूनच खेळायचं, बसला तो बाद. चिंचोके टिचकीनं मारायचे, कावेरीसाठी पलंगावर पाट ठेवलेला. कडब्याच्या धाटांची साल काढून आतल्या गराची बैलगाडी करायची, सालीचा चष्मा करायचा; मग त्या गाड्या दोऱ्यानं ओढत वाकळीच्या चुण्यांतून न्यायच्या, पोटावरून चढण, गुडघ्यावरून उतार. बीदरची पोरं, आकाशात एअरफोर्सचं विमान गरजलं की अंगणात धावणारच. अण्णांनी त्यालाही पैज लावली. डोळे मिटायचे आणि आवाजावरून सांगायचं, विमान किल्ल्याकडं चाललंय की परत यायलंय. आठ-नऊ पोरं डोळे मिटून, श्वास रोखून पडलेली... त्या पोरांच्या आया दाराशी येऊन बघून जायच्या. एक तर मला म्हणाली, "अक्का, तुझ्या दिराला आमच्या घरी पाठव की गं, पायजे तर ठेवूनच घेऊ!" खर्च म्हणाल तर दमडीचा नाही.

पण पोरांची जात ती. आठवडा गेला आणि चिंचोक्यांना कंटाळली. एक एक उठून बाहेर सटकू लागलं, तशी कावेरीची मान दाराकडे वळू लागली. रविवार होता, मी घरीच होते; त्या दुपारी अण्णांनी दार लावलं. खिडकीला पत्र्याची झडप होती, तीही लावली, फटींत चिंध्या कोंबल्या. मग एक खिळा घेतला आणि दगडानं ठोकून झडपेला भोक पाडलं. भाड्याचं घर! मी ओरडणार तोच अण्णा म्हणाले, "हलू नका रे. भिताडाकडं बघा."

अंधाराला डोळे सरावले, आणि समोरच्या चुना लावलेल्या भिंतीवर आमची गल्ली उतरली... उलटी. खाली आभाळ, वर रस्ता. समोरचं तांबड्या दगडाचं घर उलटं लटकलेलं, त्यावर दोरीवरची लुगडी वरच्या दिशेनं फडफडत होती. आणि मग दूधवाला आला, सायकलसकट, डोकं खाली चाकं वर, आणि भिंतीवरून तरंगत गेला. कुणी किंचाळलं नाही. नऊ पोरांच्या खोलीत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. मी शिकलेली बाई, शाळेत हे कधीतरी वाचलंही असेल. पण माझ्या अंगावर काटा आला. एका खिळ्याच्या भोकातून अख्खी गल्ली आमच्या घरात आली होती, रंगांसकट, चालती-हलती.

"अण्णा, हे तुम्हाला कुणी शिकवलं?" कावेरीनं कुजबुजत विचारलं.

"कोण शिकिवणार? मेंढरं घेऊन हिंडताना एकदा तापानं फणफणलो. एका शेतवाल्यानं पत्र्याच्या खोलीत निजवलं, दार लावून घेतलं. डोळं उघडलं, तर भिताडावर माझीच मेंढरं उलटी चालायलेली. म्हटलं, भीमा, मेलास तू!" पोरं फिदीफिदी हसली. "मग तीन दिस बघत पडलो. पडून ऱ्हायलेलं माणूसच बघू शकतंय ते. हिंडणाऱ्याला दिसत न्हाई."

त्या दिवसापासून रोज दुपारी आमच्याकडे थेटर. उठलं की उजेड अडतो, म्हणून पोरंच एकमेकांना दटावायची, "पड की रे!" भिंतीवर कोण चाललंय हे चालीवरून ओळखायचं. कावेरी सगळ्यांत पटाईत झाली. उलट्या पायांवरून ती माझी मैत्रीण ओळखायची, पोस्टमन ओळखायचा.

आणि मग येळवस आली, वेळ अमावास्या. आमच्या भागात येळवशीला गावात माणूस राहत नाही. भज्जी, आंबील, उंडे बांधून सगळे रानात; कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पाच दगडांचे पांडव पुजायचे. आमच्या मुडबीच्या रानातली पूजा थोरल्याच्या हातची, म्हणजे अण्णांची. मी आदल्या दिवशीच म्हणाले, "अण्णा, तुम्ही जा. एक दिवस मी बघते." सकाळी उठून बघते तर फरशीवर तसेच पडलेले. यांना त्यांनी एकट्यालाच पाठवलं होतं. सगळ्या हयातीत पहिल्यांदा अण्णांनी पूजा चुकवली. भावकीनं त्यावरून त्यांना वर्षभर बोल लावला, हे मला फार पुढं कळलं.

गल्ली रिकामी झाली. नऊच्या सुमाराला शेवटची जीप गेली, पोरं ओरडत गेली, आणि कावेरी उठून बसली. "मला येळवशीला जायचंय." चिंचोके नको, गाडी नको. रडून रडून धाप लागली, ओठ वेगळेच दिसायला लागले. पाय खाली सोडले तिनं. मी घाबरून धावले, धरायला. आणि अण्णा पडल्या जागेवरून गरजले, "धरू नगंस! तू उभी हायस म्हणून उठायलंय ते."

"मग काय करू?"

"आज कळपात तू अन् मी. पड."

थोरल्या दिरासमोर मी पाटावर बसले नव्हते, आणि ते मला म्हणत होते, पड. मला वाटतं, मी पाच-दहा क्षण तशीच उभी होते. पदर हातात. लेकीकडे बघितलं... आणि त्या माणसापासून चार हातांवर, फरशीवर, मी उताणी पडले. डोक्यावरचा पदर घसरला तो सावरलाही नाही. छताकडे बघत होते, डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं. आधी लाजेचं असेल, मग कशाचं कोण जाणे. हळूहळू वरचे हुंदके लांब लांब होत गेले. मग पलंग करकरला. मी वळून बघायचं धाडस केलं नाही. अण्णाच हळू म्हणाले, "पडलं."

त्या दिवशी भिंतीवर गल्ली रिकामी होती. दुपारभर आम्ही तिघं ती रिकामी गल्ली बघत पडलो. एक कुत्रं उलटं चालत गेलं, तेवढंच. इतक्या वर्षांत इतकी शांत दुपार मी बघितलेली नाही.

महिना भरल्यावर डॉक्टरांनी तपासलं, यंत्र लावून बघितलं, पुन्हा बघितलं. सूज उतरली होती, झडप चांगली होती. इंजेक्शनं पुढं बरीच वर्षं घ्यायची, पण पोर वाचली. "हिला झोपवलीत तरी कशी?" त्यांनी विचारलं. यांनी सगळं सांगितलं. अण्णा बाहेर दाराशी उभे होते. बातमी ऐकली, घोंगडं खांद्यावर टाकलं आणि त्याच संध्याकाळी मुडबीला गेले. चहासुद्धा घेतला नाही.

पुढं वर्षभरानं डॉक्टरांनी कावेरीला पळायची परवानगी दिली. अण्णांनी नाही दिली! डॉक्टर काय म्हणतो त्याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. सुट्टीला मुडबीला गेलो की ही अंगणात जरा भरभर चालली, तरी ओरडायचे, "कामून पळायलीस? सावकाश गं माय!" दहावीला ती शाळेच्या खो-खोच्या संघात होती, बक्षिसं आणायची, ही गोष्ट सगळ्या घरानं अण्णांपासून लपवून ठेवली. कळलं असतं तर मला धारेवर धरलं असतं. मुडबीच्या शिवेत पाय ठेवला की कावेरी म्हातारीसारखी चालायची आणि वळून माझ्याकडे बघून डोळा मिचकावायची. बारा वर्षं त्यांच्या डोळ्यांसमोर ती एकदाही पळाली नाही.

अण्णा गेले त्या दिवशी मुडबीला माती दुपारी करायची ठरली. कावेरीची बस कुठंतरी बंद पडली होती, फोन लागत नव्हता. मी थांबा म्हणाले, हे थांबा म्हणाले; पण भावकीतली जाणती मंडळी म्हणाली, किती थांबायचं, दिवस कलायलाय. तिरडी उचलली. आमच्यात बायका विसाव्यापर्यंतच जातात. गावाबाहेर बाभळीखाली तिरडी खाली टेकवतात, घटकाभर, तिथून बायका मागं फिरतात आणि पुरुष पुढं. तिरडी टेकली. बायका दर्शन घेऊन वळू लागल्या. मी वळले नाही. मी सडकेकडे बघत होते.

आणि दिसली ती. हरभऱ्याच्या रानाच्या बांधावरून, पाठीवर पिशवी, ओढणी कमरेला, वाऱ्यासारखी पळत येत होती. सडक तिथून चांगली दीड-दोन मैल. माणसं बाजूला झाली. कावेरी येऊन गुडघ्यांवर बसली. श्वास घेता येत नव्हता तिला, खांदे वरखाली होत होते. तिनं पांढऱ्या कापडाखालून अण्णांचा हात बाहेर काढला, दोन्ही हातांनी धरून आपल्या धडधडत्या छातीवर ठेवला.

"अण्णा, पळत आले मी... सडकंपासनं पळत आले," ती म्हणाली. "ओरडा की."