मे महिन्यातली माकडटोपी

मे महिन्याच्या भर दुपारी वैदेहीताई माकडटोपी घालून कॉम्प्युटरसमोर बसल्या आहेत. नवखा माणूस आधी थर्मामीटर शोधेल. आमच्या ऑफिसात मात्र या टोपीचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. ताई ग्राहकांच्या ऑर्डर घेणाऱ्या, इंटरनेटवर चालणाऱ्या क्लाउड सिस्टिममध्ये बदल करताहेत, बाकीच्यांनी तिथे हात लावायचा नाही.

आम्ही लिहिलेल्या कोडमधला प्रत्येक बदल जपला जातो. कोणी, कधी, काय केलं, सगळं मागे जाऊन पाहता येतं. पण ही सिस्टिम ब्राउझरमध्ये उघडून कोणीही चार क्लिक करून बदलू शकतं, आणि त्या क्लिकचा मागमूस कोडमध्ये कुठेच उरत नाही. मागे ताईंनी असेच क्लिक करत आठवडाभर खपून सजवलेलं पान कोडमध्ये नव्हतंच, त्यामुळे शेजारच्या टेबलावरच्या प्रशांतने कोडमधून नवं अपडेट चढवलं तेव्हा ते क्षणात पुसलं गेलं. दुसऱ्या दिवशी ताई घरून ही टोपी घेऊन आल्या. ज्याच्या डोक्यावर टोपी, त्यानेच सिस्टिमला हात लावायचा.

मला तर वाटतं, घरंही अशीच चालतात. मिठाची बरणी कोणी हलवली, हे कोण लिहून ठेवतं? ओट्यापाशी कोणी उभं दिसलं, की आपण जरा थांबतो, एवढंच.

"ताई, झालं का?" प्रशांतने विचारलं.

"झालं. आणि या वेळी कोडमध्येही घातलंय हो!"

ताई हसल्या, टोपी काढली. केस उभे, कपाळ चिंब. प्रशांतने ती घामेजलेली टोपी दोन्ही हातांनी घेतली आणि नाक न मुरडता कानांवर ओढली.