एदेलमिरा आत्याने चर्च खाली आणलं

माझ्या आत्याचा आवाज लिन्काय बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, आणि त्याला कारण देव होता.

ती लहान असताना आजोबांनी तिला सांगितलेलं, की देव आभाळाच्याही पलीकडे असतो. तो समुद्राहून मोठा, त्याला कुणी पाहिलेलं नाही आणि त्याच्या उजेडापाशी माणूस गेला तर मेणासारखा वितळेल. आजोबा बेटाचे फिस्काल होते. फादर वर्षातून एकदा, जानेवारीतल्या सणाला होडीने यायचे. बाकी सारं वर्ष रविवारची प्रार्थना सांगायची, मेलेल्याला मातीपर्यंत पोचवायचं, चर्चची किल्ली सांभाळायची, हे काम आजोबांचं. तेव्हा त्यांनी सांगितलं म्हणजे ते खरंच असणार. एदेलमिराने त्यावरून आपल्या मनाशी ठरवून टाकलं, की इतक्या लांबच्याला ऐकू जायचं तर ओरडायलाच हवं. रोज संध्याकाळी ती अंगणात उभी राहून आभाळाकडे तोंड करायची आणि ओरडायची, "देवा, आमच्या मेंढीचा पाय बरा कर!"

खाडीपलीकडून शेजारी ओरडायचे, "अगं, ऐकलं त्याने! आता आम्हाला जेवू दे!"

माझे बाबा म्हणजे तिचे धाकटे भाऊ. हे सांगताना त्यांना हसून हसून ठसका लागायचा. आजोबा मात्र कधी हसले नाहीत. ते हसत नसत असं नाही, पण देवाच्या बाबतीत नाही. चर्च टेकडीवर होतं, पायवाट उभी आणि बारा महिने चिखलाची. वर पोचल्यावर धाप लागायची, पण आत शिरताना ती दाबून धरावी लागायची. आत खोकायचंही नाही. छत निळ्या रंगाचं, त्यावर पिवळ्या चांदण्या काढलेल्या. कुणी चढणीबद्दल कुरकुर केली की आजोबा म्हणायचे, "मोठ्याच्या घरी जायचंय ना? मग चढा."

आत्याचं लग्न एरिबेर्तोशी झालं. तो शांत माणूस. आत्या बोलायची, तो ऐकायचा, दोघांचं छान चालायचं. लोकर कातरायच्या हंगामात तो दक्षिणेला जायचा आणि महिनेच्या महिने परतायचा नाही. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी तो असाच तिकडे अडकलेला. आजोबा शेजारच्या बेटावर एका मयताला गेलेले आणि वादळाने तिथेच थांबलेले. पोर दिवस भरायच्या आतच आलं. सुईण क्लोरिंदा तेवढी जवळ होती.

मुलगी झाली, पण ती रडेना. अंग निळसर पडलेलं. क्लोरिंदाने तिला चोळलं, उलटं धरलं, फुंकर घातली. मग ती आत्याला म्हणाली, "एदेलमिरा, थांबायला वेळ नाही. बाप्तिस्मा दे हिला."

"मी? मला कुठला अधिकार?"

"जीव जात असेल तर कुणीही देऊ शकतं. तुझ्याच बापाने शिकवलंय सगळ्या बेटाला. माझे हात गुंतलेत, घाल पाणी."

चुलीवर किटली होती. आत्याने त्यातलं कोमट पाणी ओंजळीत घेतलं. तिला ओरडायचं होतं. आयुष्यभर ती ओरडतच आली होती, आणि आज खरी गरज होती. पण कळा देऊन देऊन घसा बसलेला, तोंडातून नुसती हवा निघत होती. तिने पोरीच्या कपाळावर पाणी सोडलं आणि कुजबुजली, "पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." मग पुढे काय म्हणायचं ते न सुचून एवढंच म्हणाली, "आहेस ना?"

पुढे पुष्कळ वर्षांनी मी तिला विचारलं होतं, "मग? काय झालं?"

"उत्तर वगैरे काही आलं नाही गं," आत्या म्हणाली. "पण मला कळलं, की मी लांबच्या कुणाशी बोलत नाहीये. खोलीत अंधार असतो आणि बाजूचं माणूस जागं आहे हे ते न बोलताच कळतं ना, तसं."

पोरगी शिंकली. आणि मग तिने असा काही सूर लावला, की क्लोरिंदाने कानांवर हात ठेवले. "झालं! आवाज आईवरच गेलाय," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली. त्या मुलीचं नाव ओतिलिया. आता ती तीन लेकरांची आई आहे.

वादळ सरल्यावर आजोबा परतले. आत्याने त्यांना सगळं सांगितलं आणि बोलणी खायच्या तयारीने मान खाली घालून उभी राहिली.

"पाणी कुठलं घेतलंस?" आजोबांनी विचारलं.

"किटलीतलं."

आजोबांनी चुलीकडे पाहिलं, किटलीकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं. मग चर्चच्या दारात काढायचे तशी डोक्यावरची टोपी काढून त्यांनी छातीशी धरली. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात ते कधीही टोपी घालून आले नाहीत. 

आजोबा गेले तेव्हा किल्ली कुणाकडे द्यायची हा प्रश्न आला. माझ्या बाबांनी आधीच हात वर केले. आत्या म्हणाली, "मी घेते." बाउदिलिओ ग्वेन्तेओ, ज्याच्याकडे बेटावरची सगळ्यात दांडगी बैलजोडी होती, तो कुरकुरला, "बाईच्या हातात चर्चची किल्ली?" त्यावर आत्याने किल्ली त्याच्यापुढे धरली. "घे. दर रविवारी सगळ्यांच्या आधी चढायचं, घंटा वाजवायची, सरडे हाकलायचे." बाउदिलिओने हात खिशातच ठेवले. आत्या फिस्काल झाली.

तिने ते काम मन लावून केलं. प्रार्थना सांगताना आवाज मोठाच असायचा, पण आता तो देवासाठी नव्हता, मागच्या बाकांवर डुलक्या घेणाऱ्यांसाठी होता. आजोबांचा दराराही तिने तसाच ठेवला. कुणी कुजबुजलं की नुसती मान वळवून पाहायची. तेवढं पुरायचं.

वर्षं गेली. तरुण माणसं कामाधंद्याला दक्षिणेला गेली, मागे राहिलेल्यांचे गुडघे कुरकुरायला लागले. एका रविवारी पाऊस रपरपत असताना आत्याने वरून घंटा वाजवली आणि खाली नजर टाकली. टेकडीच्या पायथ्याशी, दगडावर, शाल डोक्यावरून ओढून क्लोरिंदा बसली होती. हातात जपमाळ. आत्या प्रार्थना आटोपून तरातरा खाली आली.

"इथे काय करतेस पावसात?"

"माझी रविवारची जागा आहे ही," क्लोरिंदा म्हणाली. "पाय चालेनासे झाल्यापासून इथेच बसते. घंटा ऐकू येते, तेवढं पुरे. तो वर, मी खाली. इथूनच हात हलवते त्याला."

आत्याला राग आला. कुणाचा, ते तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं. तिच्या पोरीला जीवदान देणारी बाई कितीतरी रविवार त्या दगडावर भिजत बसली होती आणि आत्या वर सुक्या जागी प्रार्थना सांगत होती. तिने क्लोरिंदाला घरी नेलं, चुलीपाशी बसवलं, आणि त्याच दुपारी आमच्या घरी येऊन जाहीर केलं, "चर्च खाली आणायचं."

बाबांच्या हातातला माते-चहाचा पेला हिंदकळला. "किती खाली?"

"पार किनाऱ्यावर."

आमच्याकडे घरं लाकडाची, ती हलतात, त्यात नवल नाही. लेकीला माहेराजवळ राहायचं असलं की घर उचलून ओंडक्यांवर ठेवायचं, बैल जुंपायचे, सगळ्या बेटाने इर्जिकीला यायचं आणि घरमालकाने सगळ्यांना पोटभर खाऊ घालायचं. पण चर्च कुणी हलवलं नव्हतं. बाउदिलिओने तर स्पष्ट सांगितलं, "देवाला बैलांनी खाली ओढणार? हे पाप माझे बैल करणार नाहीत."

"बैलांना विचारलंस का?" आत्या म्हणाली.

जानेवारीत फादर अनसेल्मो आले. तरुण होते, आणि होडी त्यांना मुळीच सोसत नसे. दर वर्षी पांढरेफटक होऊन उतरायचे. आत्याने त्यांना गरम रस्सा दिला आणि ते दोन घोट घेतायत तोच विषय काढला. बाउदिलिओ तयारच होता.

"फादर, तुम्हीच सांगा. देव उंचावरच शोभतो. तो रोजच्यातला झाला तर त्याला भिणार कोण?"

फादरांनी वाटी खाली ठेवली. "बाउदिलिओ, टेकडीवरचा दगड टेकडीवरच असतो. म्हणून तो आपल्यापासून लांब असतो. पण ज्याला आभाळसुद्धा पुरत नाही, त्याला लांब ठेवणार कसं? तो इतका मोठा आहे, म्हणूनच इतका जवळ येऊ शकतो. मोठेपणा सोडून नाही, मोठेपणामुळेच."

"म्हणजे त्याला चर्च कुठेही चालेल."

"चालेल."

"मग राहू द्या की वरच!"

सगळे हसले, फादरही हसले. आत्या नाही हसली. "देवाला कुठेही चालेल रे," ती म्हणाली, "क्लोरिंदाला चालता येत नाही. आणि तो काय आपण चढून यायची वाट बघत बसला होता? तोच उतरला ना आधी? बाईच्या पोटी आला, गोठ्यात निजला, आपल्यासारखा उपाशी राहिला. त्याने एवढं केलं, आपल्याला चार फळ्या उतरवता येऊ नयेत?"

मग बाउदिलिओ खाकरला. "उतारावर बैल पुढे जुंपत नाहीत. मागे जुंपतात, नाहीतर चर्च थेट समुद्रात जाईल. तुमच्यापैकी कुणाला आहे का अक्कल?"

"म्हणजे तू येणार?"

"मी नाही. बैल येतील. विचारलं मी त्यांना."

बटाटे काढून झाल्यावर एका शनिवारी इर्जिक घातली. शेजारच्या बेटांवरूनही होड्या आल्या. फादर मुद्दाम परत आले आणि दोराला लागले. पहिल्याच चिखलात त्यांचा एक बूट गेला. मारियामातेची मूर्ती क्लोरिंदाकडे मुक्कामाला नेली होती. क्लोरिंदाने तिला चुलीजवळ बसवून सगळ्या बेटाच्या भानगडी सांगितल्या म्हणे.

चर्च हललं तेव्हा घंटा आपोआप वाजली आणि आम्ही सगळे ओरडलो. मीही दोराला होते, हात सोलून निघाले होते. इंच इंच करत ते खाली येत होतं, बाउदिलिओ बैलांना शिव्या आणि लाडाची नावं एकाच दमात देत होता. अर्ध्या उतारावर पाऊस लागला. डावीकडचे ओंडके रुतले, चर्च कलंडलं आणि तसंच बसलं. काही केल्या हलेना.

रविवार उजाडला तेव्हा चर्च ना वर ना खाली, तिरपंच.

"आज प्रार्थना कुठे?" कुणीतरी विचारलं.

"चर्चमध्ये," आत्या म्हणाली. "दुसरीकडे कुठे?"

एरिबेर्तो आणि माझे बाबा क्लोरिंदाला खुर्चीसकट उचलून घेऊन आले. "अर्धी टेकडी तुम्ही उतरलात, अर्धी मी चढले," ती म्हणाली. "फिटंफाट." आत सगळं एका बाजूला झुकलेलं. बाकं घसरू नयेत म्हणून दोरांनी बांधलेली. फादरांनी एका हाताने वेदी धरून मिस्सा सुरू केली. मध्येच कुणाच्यातरी ओच्यातून एक बटाटा निसटला. तो घरंगळत, टप्पे खात, फादरांच्या उघड्या पायाला लागून दारातून बाहेर गेला. बाहेर बाउदिलिओच्या बैलाने तो खाल्ला. चावल्याचा आवाज आत सगळ्यांना ऐकू आला.

आम्ही आत्याकडे पाहिलं. तिची मान सवयीने वळली, भुवया चढल्या. आणि मग तिचे ओठ थरथरले आणि ती हसली. असं हसली, की छतावरची धूळ पडली असेल. मग काय, सारं चर्च हसलं. फादर वेदीला टेकून डोळे पुसत होते. त्या निळ्या छताखाली त्याआधी कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

हसू ओसरलं तसं कुणी न सांगता सगळे गप्प झाले. फादरांनी भाकर वर धरली. आम्ही गुडघे टेकले, आणि उतारामुळे घसरायला लागलो, तेव्हा प्रत्येकाने शेजारच्याचा खांदा धरला. क्लोरिंदा खुर्चीत, आत्याचा हात तिच्या गुडघ्यावर. इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती, आणि त्या शांततेत मला आजोबांसारखीच भीतीही वाटली. पण पळून जावंसं वाटेल अशी ती भीती नव्हती. तिथून उठूच नये असं वाटत होतं.

सोमवारी ऊन पडलं. बाउदिलिओने आणखी दोन जोड्या मागवल्या, दुपारपर्यंत चर्च किनाऱ्यावर जाऊन बसलं. मग खड्ड्यात दगड तापवले, त्यावर शिंपल्या, मांस, बटाटे रचले, रुंद पानांनी झाकले, आणि वाफ निघेपर्यंत सफरचंदाच्या दारूचे घडे रिकामे केले. फादर अनवाणी नाचले. एरिबेर्तोने आत्याला नाचायला ओढलं. तो स्वतःहून काही करायचा अशा मोजक्या प्रसंगांपैकी हा एक.

आता भरतीला पाणी चर्चच्या पायरीपर्यंत येतं. दार दिवसभर उघडं असतं. शिंपल्या वेचायला निघालेल्या बायका टोपली बाहेर ठेवून आत डोकावतात, दोन शब्द बोलतात आणि ओहोटी गाठायला पळतात. परवा मी आत्याबरोबर आत गेले तर शेवटच्या बाकावर बाउदिलिओ आडवा. पाय ओले, तोंड उघडं, चांगला घोरत होता. मी त्याला उठवायला गेले.

आत्याने मला दंडाला धरून मागे ओढलं. "झोपू दे," ती हळूच म्हणाली. "भर वादळात शिष्यांच्या होडीत प्रभूसुद्धा झोपलाच होता की." मग तिने आपली शाल काढून त्याच्या पायांवर टाकली, वेदीसमोर वाकून क्रूसाची खूण केली आणि झाडू हातात घेतला, कारण रात्रीच्या भरतीने पायरीवर बरीच वाळू आणून टाकली होती.