ढवळे सर आणि ‘खाली देखिए’

श्री. अविनाश ढवळे सरांची आणि माझी पहिली भेट लखनौच्या चारबाग स्थानकाबाहेर झाली. पुण्याहून नव्यानं रुजू होणाऱ्या मला न्यायला शाखाप्रमुख असलेले सर स्वतः आले होते आणि एका ऑटोवाल्याशी भांडत होते. भांडण हिंदीत चाललंय, असं सरांचं प्रामाणिक मत होतं. आज सर साठीत पदार्पण करत आहेत, पण हिंदीनं अजून शरणागती पत्करलेली नाही.

आमची कंपनी दवाखान्यांना रुग्णनोंदणीचं सॉफ्टवेअर विकते. मी डेमो देताना एकेक सोय रुखवतासारखी मांडत असे. ग्राहक ‘बहुत बढ़िया’ म्हणत, चहा पाजत आणि वाटेला लावत. एकही ऑर्डर मिळेना. तेलीबागेतला दवाखानाही हातचा गेला, तर माझी नोकरी जाणार होती. सर म्हणाले, “मीनल, आज तू लॅपटॉप सांभाळ. मी बोलतो.”

सर छान बोलले. शेवटी पडद्याच्या तळाशी असलेलं बटण दाखवायला त्यांनी स्वागतकक्षातल्या शुक्ला मॅडमना अस्सल मराठी वळणानं सांगितलं, “मैडम, अब खाली देखिए.”

मॅडमनी माउसकडे नेलेला हात मागे घेतला. “खाली देख ही तो रहे हैं इतनी देर से! करने कब दीजिएगा?”

‘खाली’ म्हणजे तिथे ‘नुसतं’! डॉक्टर छताकडे बघू लागले. मी मनातल्या मनात बॅग भरली.

सरांनी मात्र हात जोडले. “गलती हो गई मैडम. अब आप कीजिए, हम देखेंगे.”

मॅडमनी पहिला रुग्ण म्हणून स्वतःच्या यजमानांची नोंद केली. आजार : आलस. मग बटण इतकं लहान का, नाव दोनदा का विचारता, अशी सरांची यथेच्छ हजेरी घेतली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “सर, यही ले लीजिए.” तेव्हापासून आमच्याकडे माउस आधी ग्राहकाच्या हातात जातो.

दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून फोन आला. डेमो कोणी दिला?

“मीनलनं,” सर म्हणाले. “मी नुसता सोबत होतो.”

माझी नोकरी टिकली. त्यानंतर मला खरोखरच डेमो द्यायला शिकावं लागलं, कारण सरांना खोटं पाडणं मला जमण्यासारखं नव्हतं. असंच खोटं बोलून सरांनी आणखी पुष्कळ माणसं उभी करावीत आणि त्यासाठी त्यांना भरपूर, निरोगी आयुष्य लाभावं, हीच मनापासून इच्छा.