आतून कडी लावलेलं दार

ह्यांनी ती हकीकत पहिल्यांदा सांगितली तेव्हा आम्ही सगळे जेवत होतो. माझे यजमान मालवाहू जहाजांवर इंजिनिअर आहेत. सहा-सात महिने समुद्रावर आणि मग काही महिने हैदराबादला तारनाक्याच्या घरी, असं आमचं लग्नापासून चालत आलंय. त्या खेपेला ते नुकतेच आले होते. शेजारचे काका, रेल्वेतून रिटायर झालेले, सहज डोकावले, तर सासूबाईंनी त्यांनाही पानावर बसवलं.

अरबी समुद्रात एका सकाळी ह्यांच्या जहाजाला दुसरं एक जहाज दिसलं. लहानसं, जुनं, मालवाहूच. इंजिन बंद, लाटा नेतील तिकडे चाललेलं. रेडिओवरून हाका मारल्या, भोंगा वाजवला, कुणी उत्तर देईना. मागच्या बाजूला जहाजाचं नाव लिहिलेलं असतं तिथे पांढरा रंग फासलेला होता. कप्तानानं छोटी होडी सोडली, आणि चीफ ऑफिसर, हे आणि दोन खलाशी त्या जहाजावर चढले.

"माणूस नाही काका. एकसुद्धा नाही," हे म्हणाले. "तांदूळ भिजत घातलेले. दोरीवर कपडे वाळत होते. जीव वाचवायचा रबरी तराफा जागच्या जागी बांधलेला. मग गेले कुठं आणि कशावर बसून?"

"क्या बोलते भाई! पूरा जहाज खाली?" काकांचा घास हातातच राहिला.

"चूल पेटलेली होती का रे?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. भांडी थंडगार होती. जाऊन बरेच दिवस झाले असणार."

मला ते नीट आठवतंय, कारण सासूबाई त्यावर म्हणाल्या, "बिचारे!" आणि त्यांनी देवघराकडे पाहून हात जोडले.

पुढे दिवाळीच्या सुमारास हिमायतनगरला माझ्या मावसभावाकडे जेवायला गेलो. तिथे पुन्हा विषय निघाला. मुंबईत त्या जहाजाची चौकशी सुरू असल्याचं मावसभावानं कुठेतरी वाचलं होतं. हेही रंगात आले. तांदूळ, कपडे, तराफा, सगळं तेच. फक्त ह्या वेळी ते म्हणाले, "किटलीला हात लावला तर चहा कोमट. अंगावर काटा आला माझ्या."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी माझ्याकडे पाहायचं टाळलं.

परतताना नारायणगुड्याच्या सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा मी विचारलं, "घरी तुम्ही भांडी थंड म्हणाला होता."

"कोमट म्हणालो असेन."

"नाही. थंडगार म्हणालात. जाऊन बरेच दिवस झाले असणार, असंही म्हणालात."

"तू काय पोलीस आहेस?" ते हसले, पण सिग्नल हिरवा झाला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा गाडी हलली.

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर नजर ठेवू लागले. खोटं कशाला बोलायचं, मला आधी वेगळाच संशय आला होता. दुपारी ते फोन घेऊन गच्चीवर जायचे आणि मी पापड वाळत घालायला वर गेले की बोलणं तोडायचे. एकदा मी जिन्यातच थांबले. पलीकडे बाई असेल असं धरूनच थांबले होते. हे दबक्या आवाजात बोलत होते, "किसी को नहीं बोला मैं दरवाज़े का. तुम भी नक्को बोलो."

दरवाजा कुठला? जेवताना सांगितलेल्या हकिकतीत दरवाजा नव्हता.

मग मला घरातल्या गोष्टी दिसू लागल्या. आल्यापासून हे सासूबाईंना बजावत होते, "आई, न्हाणीला आतून कडी लावू नको." मला वाटलं होतं, त्यांचं वय झालंय म्हणून. पण ते मलाही तेच सांगत. स्वतः झोपायच्या खोलीचं दार कधी पूर्ण लावत नसत. एकदा वाऱ्यानं कडी अडकली, तर मी आतून "अहो, उघडते" म्हणेपर्यंत हे दारावर दोन्ही मुठी आपटत होते.

रविवारी सकाळी आम्ही युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर फिरायला जातो. झाडं आहेत, गर्दी कमी असते. तिथे मी सरळ विचारलं, "दरवाजा कुठला?"

 ते एका कट्ट्यावर बसले.

"खाली, इंजिनरूमच्या बाजूला एक केबिन होती," ते म्हणाले. "मी आणि चीफ ऑफिसर खाली गेलो. बाकीची दारं उघडी. ते एकच आतून बंद. मी ठोठावलं, हिंदीत बोललो, इंग्रजीत बोललो. काही नाही. कान लावला."

"मग?"

"आत काहीतरी सरकल्यासारखं झालं. जहाज हलत होतं, सामानही असेल. तेवढ्यात वॉकीटॉकीवर कप्तान ओरडला, लगेच परत या. त्या भागात चाचे फिरतात, अशी सूचना होती. त्याला वाटलं, हा सापळा आहे. चीफ ऑफिसर माझा हात धरून वर घेऊन गेला."

"आणि कप्तानाला सांगितलं नाही?"

"सांगितलं. तो म्हणाला, जागा कळवली आहे, नेव्ही येईल, ते बघतील. रिपोर्टमध्ये दाराचं आलंच नाही. आलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, तोडून का बघितलं नाही म्हणून."

"चहा कोमट होता ना?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली.

मला त्यांची दया आली, आणि त्याच वेळी हेही वाटलं की एवढंच असेल कशावरून? दोनदा गोष्ट बदलली, ती तिसऱ्यांदाही बदलेल.

त्या जहाजाचं पुढे काय झालं, ते ह्यांना चीफ ऑफिसरनं फोनवर सांगितलं होतं. ते ओढून बंदरात आणलं होतं. आत कुणी नव्हतं, मेलेलंही नाही. सगळी दारं उघडी होती. 'त्या' केबिनचंसुद्धा.

मी ह्यांच्या नकळत चीफ ऑफिसरला फोन केला. आमच्या लग्नात आला होता, ओळख होती.

"भाभी, टेन्शन मत लो," तो गृहस्थ मोकळेपणी हसला. "कौनसा दरवाज़ा? हम लोग नीचे गयेच नहीं."

मी फोन ठेवला. गच्चीवरून हे दाराबद्दल कुणाशी बोलत होते, ते मी कधी विचारलंच नव्हतं. दोघांपैकी एक जण माझ्याशी खोटं बोलत होता, आणि त्यातला एक माझ्या घरात राहत होता.

संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मुंबईला चौकशी चालू आहे ना? तिथे जाऊन दाराचं सांगा. मी येते बरोबर."

मला वाटलं, टाळतील. टाळलं तर मला माझं उत्तर मिळेल. पण ते म्हणाले, "जाऊ." त्यांच्या आवाजात इतका सुटल्यासारखा भाव होता, की मला माझीच चीड आली.

मुंबईत चौकशीच्या ऑफिसातल्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "तुमचे सहकारी तर म्हणतात, तुम्ही खाली गेलाच नाहीत."

"त्यांना नोकरी करायची आहे मॅडम," हे म्हणाले.

बाहेर आल्यावर फुटपाथवर उसाचा रस पिताना त्यांनी आपणहून सांगितलं, "वर येताना मी माझा टॉर्च चालू करून दारापाशी ठेवला. खाली मिट्ट काळोख होता. आत कुणी असलंच, तर बाहेर आल्यावर दिसावं म्हणून."

हे त्यांनी आत सांगितलं नव्हतं. मला का सांगितलं, आणि इतक्या उशिरा? हैदराबादला परतल्यावर मी त्या बाईंना फोन करून विचारलं. त्यांनी तपासून सांगितलं, "नाही हो, टॉर्च कुठेच मिळाला नाही. जहाजावर एकही नव्हता."

मी ते ह्यांना सांगितलं. हे ताडकन उभे राहिले. "नव्हता? नक्की? खालीही नाही?" पुन्हा पुन्हा विचारलं. मग स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना म्हणाले, "आई, आज भाकरी कर. ठेचाही कर."

त्यांच्या मनात सगळं जुळलं होतं. कुणीतरी बाहेर आलं, टॉर्च उचलला, नंतर आलेल्या एखाद्या होडीतून गेलं. जिवंत आहे. महिन्याभरात ते पुन्हा बोटीवर रुजू झाले. चीफ ऑफिसरशी मात्र बोलणं बंद केलं.

माझ्या मनात काही जुळलेलं नाही. टॉर्च कुणी उचलला असेल, लाटेनं घरंगळून समुद्रात गेला असेल, किंवा कधी ठेवलेलाच नसेल. सासूबाई आणि मी विमानतळावर सोडायला गेलो तेव्हा हे पोरासारखे हात हलवत आत गेले. मीही हात हलवला. परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "चला, निवळला बाई एकदाचा."

मी "हो" म्हटलं आणि खिडकीची काच खाली केली.