माझ्या खेळाला लावलेलं कुलूप

आमचे पप्पा काय करायचे असं कोणी विचारलं, की आई सांगते, "साड्यांचं डिझाईन बघायचे." खरंच आहे. दुसऱ्यांच्या साड्यांचं बघायचे. मार्केटमध्ये गिऱ्हाईक बनून एखाद्या दुकानात शिरायचं, ढीगभर साड्या उलगडायला लावायच्या, "घरवालीला विचारून येतो" म्हणून उठायचं, आणि पर्वत पाटियाच्या टपरीवर चहा घेता घेता त्यातली एकच साडी कागदावर उतरवायची. संध्याकाळी कागद आपल्या शेठच्या हातात. सुरतेत याला कोणी चोरी म्हणत नाही, माल उचलणं म्हणतात. पप्पांची कीर्ती अशी, की त्यांनी उचललेली साडी चालायचीच. शेठ डोळे मिटून छापायला टाकायचा. खानदेशातून आलेलं आमचं घर याच नजरेवर जेवलं, माझं शिक्षणही त्यातच झालं. तेव्हा नाक मुरडायला मला तोंड नाही.

अशा माणसाच्या पोरीला स्वतःचा खेळ सुचावा, आणि तो कोणी चोरू नये म्हणून तिने जिवाचा आटापिटा करावा, हा देवाचा चावटपणाच म्हणायचा.

मी दिवसा इच्छापोरच्या एका कारखान्यात बिलं करते. उरलेल्या वेळात मोबाइलवरचा खेळ बनवला. चार व्यापारी, चौघांकडे साड्या. दुसऱ्याची चांगली साडी हेरून उचलायची आणि आपल्याकडचा पडेल, म्हणजे न खपणारा, माल त्याच्या गळ्यात मारायचा. हंगाम संपताना ज्याच्याकडे पडेल माल, तो हरला. सगळ्यात आधी पप्पांना दाखवला. मोबाइल लांब धरून त्यांनी बराच वेळ बघितला, "बरं आहे" म्हणाले आणि बातम्या लावल्या. असा राग आला मला! आख्खं मार्केट ज्यांची नजर मानतं, त्यांचं हे "बरं आहे" म्हणजे साडी घडी घालून परत फळीवर. मला त्यांच्या तोंडून "चालेल" ऐकायचं होतं, दुसरं काही नको होतं.

मग ठरवलं, नाही ना म्हणत? नका म्हणू. जगाला दाखवू. पण आधी कुलूप.

नावापासूनच घोडं अडलं. मनातल्या नावाचं डोमेन कोणीतरी आधीच घेऊन नुसतं अडवून ठेवलं होतं, रिकाम्या प्लॉटला कुंपण घालतात तसं. विकत मागितलं तर भाव असा, की चलथाणला खरा प्लॉट आला असता. दुसरं नाव सुचलं ते जेवताना. तेही कोणी पळवेल या धास्तीने उष्टा हात वर धरून डाव्या हाताने नोंदवून टाकलं. मग ट्रेडमार्कचा अर्ज. त्यासाठी एक वकीलबेन गाठली. तिला म्हटलं, खेळाचे नियमही माझ्या नावावर करून द्या. ती हसली. "आइडियानो कॉपीराइट ना मळे, बेन." चित्रं तुझी, कोड तुझा, नाव तुझं, पण उचलायचं आणि खपवायचं ही कल्पना काय, कोणीही घेईल.

झालं! माझी झोप उडाली. कुठे बोलू नये म्हणून आईला आमच्या कानबाईची, कुलदेवीची, शपथ घातली. मैत्रिणींना खेळाचं नाव सांगेना. वकीलबेनचा फोन आला की पळाले गच्चीवर. आईने वेगळाच अर्थ काढला. "गुजराती असला तरी चालेल गं, पण सांग तरी," म्हणाली. म्हणजे आमच्या घरात न बघितलेला जावई चालत होता, बघितलेला खेळ नाही.

शेवटी एकदाचा खेळ बाजारात सोडला आणि डोळ्यात तेल घालून बसले, कोण चोरतंय बघायला.

कोणी चोरेना. सकाळी टांगलेल्या साडीची जुळी बहीण संध्याकाळी समोरच्या दुकानात लटकते त्या सुरतेत माझ्या खेळाकडे कुत्रं फिरकेना. मोबाइलवर घेतला कोणी, तर आईने, आणि ऑफिसातल्या दोघांनी भिडेखातर. चोरालासुद्धा नको असलेली वस्तू! लाज वाटली. न्हाणीघरात नळ सोडून रडलेसुद्धा. वर्ष भरत आलं तसे डोमेनची मुदत वाढवा म्हणून मेल यायला लागले. एका रविवारी मनाशी म्हटलं, मरू दे, सोडून द्यायचं. पप्पांची नजर कधी चुकलीय?

त्याच संध्याकाळी दूध आणायला खाली उतरले, तर सोसायटीच्या बाकड्यावर हा गलका! पप्पा, समोरच्या ब्लॉकमधले गुजराती काका आणि दोन रिटायर झालेले मिलवाले. मध्ये साडीच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेली पानं, प्रत्येक पानावर बॉलपेनने काढलेली साडी. "आ तो पडेल माल छे!" काका बोंबलत होते, आणि बाकीचे दोघे पोट धरून हसत होते. जवळ जाऊन बघते तर माझाच खेळ. माझे चार व्यापारी, माझा हंगाम, माझी ती मोराची साडी, पदराच्या वेलबुट्टीसकट. नुसती कल्पना नाही, चित्रंही उचललेली! शिवाय शेजारी एक दुसरा जोड सुतळीने बांधून तयार. तो म्हणे मागच्या गल्लीतल्या बायकांनी मागितला होता.

माझं टाळकं सणकलं. "पप्पा! ही चोरी आहे! अर्ज केलाय मी याचा, वकील लावलाय! निदान घरातल्याला तरी सोडायचं!"

काकांनी पानं पोटाशी धरली. पप्पांनी आधी हातातलं पान शांतपणे खाली टाकलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ते फार खूश असले की अहिराणीवर येतात.

"वरडस कसाले? जिंदगीमा मी कधी न चालणारा माल उचला का वं?"

काका सरकले, म्हणाले, "बेस, दीकरी." मी बसले. तिथेच बसून मोबाइलवर डोमेनची मुदत वाढवली, नाक पुसलं आणि पप्पांपुढे पानांसाठी हात केला.